पाण्यावरची पायवाट

पाणी खात्याच्या विभागीय कचेरीत तिला सगळे काठवाली म्हणत. तिला नाव अर्थातच होतं, हजेरीपटात ते दर महिन्याला लिहिलंही जाई, पण अकरा वर्षांत कोणी ते मोठ्याने उच्चारल्याचं तिला आठवत नव्हतं. आकाशातून उपग्रह जातो, दर सहा दिवसांनी तो या मुलखाचं एक चित्र धाडतो, आणि त्या चित्रात पाणी कुठे संपतं नि जमीन कुठे सुरू होते तिथे रेघ ओढायची, हे तिचं काम. ती रेघ म्हणजे काठ, म्हणून ती काठवाली.

हे काम संगणक करत नाही का, असं विचारणारे शहाणे पुष्कळ भेटत. करतो की. पण संगणकाला डोंगराची सावली पाणी वाटते, ढगाची सावली पाणी वाटते, कारखान्याचं निळं छप्परही पाणीच वाटतं. त्याने घातलेला घोळ कोणीतरी निस्तरावा लागतो. काठवाली आधी एका शिवणाच्या दुकानात कापडावर नक्षी उतरवून द्यायची. हात इतका स्थिर, की खडू न उचलता वेलीच्या टोकापर्यंत जाई. खात्याला तेव्हा स्वस्तात असा हात हवा होता. ती कंत्राटावर लागली आणि कंत्राटावरच राहिली.

तिने रेघ ओढली, की आतलं क्षेत्र किती ते निघे, त्यावरून धरणातली पातळी, पातळीवरून साठा, आणि साठ्यावरून पाणी किती दिवस पुरेल तो आकडा. हा तक्ता चित्राच्या दिवशी दुपारी चारला सात गावांच्या पाणीपुरवठ्याकडे जाई. नळ किती तास सोडायचा ते सातही गावं त्या आकड्यावर ठरवत. तक्त्याखाली साहेबांची सही छापलेलीच होती. पाठवायचं बटण मात्र काठवालीच्या हाताखाली होतं.

घरी नवरा होता. पूर्वी बस चालवायचा, सात वर्षांपूर्वी दोन्ही मूत्रपिंडं गेली. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सकाळी सातला केंद्रावर जायचं, चार तास यंत्राला जोडून पडायचं, दुपारी परत. एका वेळेला यंत्राला सव्वाशे-दीडशे लिटर पाणी लागतं, आणि ते केंद्राच्या नळाला येतं ते याच धरणातलं. त्याला स्वतःला दिवसाला पाऊण लिटरवर पाणी प्यायची बंदी. तो सकाळीच बाटली भरून ठेवी आणि म्हणे, "तुझ्या धरणाचा साठा तू सांभाळ, माझा मी सांभाळतो." डायलिसिसचा खर्च कचेरीच्या कार्डावर होई, आणि ते कार्ड तिच्या कंत्राटाला बांधलेलं होतं. कंत्राट दर वर्षी साहेबांच्या सहीने पुढे सरके. तिच्या सगळ्या संसाराची खुंटी ती एवढीच.

साहेबांचं कचेरीतलं नाव हळूहळू साहेब. माणूस वाईट नव्हता. कुठलाही प्रश्न टेबलावर आला की चष्मा काढून म्हणायचे, "बघू, हळूहळू होईल." आणि खरंच, पुष्कळ प्रश्न हळूहळू आपोआप मरून जात.

एक प्रश्न मात्र मेला नाही. तीन वर्षांपूर्वी धरणात जलपर्णी माजली होती. पाण्यावर हिरवागार थर. संगणकाने हिरवं पाहिलं आणि तिथे जमीन धरली, काठवालीनेही ती तशीच ठेवली. तक्त्यात साठा धाडकन उतरला, गावांचं पाणी एकोणीस दिवस तोडलं गेलं, आणि मग कळलं, की धरण तुडुंब आहे. भिंतीवरचा गेटवाला पहिल्या दिवसापासून फोन करून सांगत होता, पण त्याला उत्तर मिळालं, की तुम्ही डोळ्यांनी बघता, आम्ही आकाशातून बघतो. साहेबांची वरपर्यंत झाडाझडती झाली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. परत येऊन साहेबांनी नियम काढला, की धरणाच्या जुन्या काठाच्या आत जे जे हिरवं दिसेल ती जलपर्णी समजायची आणि पाण्यात धरायची. काठवाली नियम पाळत आली. त्याच सुमारास पातळी दाखवणारं यंत्र गाळात रुतून बंद पडलं. त्याच्या दुरुस्तीची फाइल कुणी हलवली नाही, कारण आकाशातून दिसतंच आहे, आणि गेटवाल्यानेही मग फोन करणं सोडून दिलं.

त्या गुरुवारी चित्र उघडलं तेव्हा धरणाच्या शेपटाकडे, जिथे नदी येऊन मिळते तिथे, नेहमीचा हिरवा पट्टा होता. त्याच्या मधून एक फिकट, सरळ रेघ गेली होती. तिला वाटलं पडद्यावर केस चिकटलाय. तिने बोटाने पुसला. केस हलला नाही.

तिने सहा दिवसांपूर्वीचं चित्र उघडलं. तीच रेघ, जरा बारीक. त्याच्या आधीच्या चित्रात अर्धीच. रेघ काठावरच्या वस्तीकडून निघून थेट तळ्याच्या मधल्या अंगाला गेलेली. बैलगाडीने किंवा ट्रॅक्टरने पडते तशी वाट. पाण्यावर पायवाट पडत नाही, एवढं कळायला कुणाला नोकरी लागत नाही.

मग तिने नऊ चित्रं एकावर एक ठेवली. जलपर्णी वाऱ्यावर फिरते, आज या काठाला असते, सहा दिवसांनी त्या. हे हिरवं नऊ चित्रांत तसूभर हललं नव्हतं. ते गवत होतं. खालचं पाणी कधीच आटून गेलं होतं, उघड्या पडलेल्या गाळावर गवत उगवलं होतं, आणि ती अठ्ठेचाळीस दिवस त्याला पाणी म्हणत होती.

दाराकडे पाठ करून तिने एका कोऱ्या प्रतीवर खरा काठ ओढला, गवत बाहेर ठेवून. तक्त्यात आकडा होता एकशे एक दिवस. खरा आकडा निघाला चव्वेचाळीस. पाऊस तीन महिन्यांवर होता. तिने पुन्हा मोजलं, तेवढाच आला.

चार वाजले आणि तिने जुन्याच काठाचा तक्ता पाठवून दिला. असं का केलं ते तिला नंतरही सांगता आलं नाही. घाबरलेला माणूस पळतो म्हणतात, पण पुष्कळदा तो आपलं रोजचं काम तसंच पुढे करत राहतो.

घरी तिला जेवण गेलं नाही. नवरा बाटलीतलं उरलेलं पाणी उजेडाशी धरून पाहत होता. सांगितलं तर आठवड्याच्या आत पाणी निम्म्यावर येईल, आणि केंद्राचंही येईल. नाही सांगितलं तर दीड महिन्याने नळाला फक्त हवा येईल, आणि केंद्राच्याही नळाला हवाच येईल. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्ही कोरड्या. तिला त्याच्याकडे बघवेना.

"काय झालं? कोणी बोललं का?" त्याने विचारलं.

"डोकं दुखतंय," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी ती साहेबांच्या खोलीत गेली. तिने चित्रं पुढे ठेवली, वाट दाखवली, दोन्ही आकडे सांगितले. साहेब मूर्ख नव्हते. पहिल्या दोन मिनिटांतच त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. त्यांनी उठून दार लावलं.

"हे अजून कोणी पाहिलंय?"

"नाही, साहेब."

"हं." त्यांनी चष्मा काढला. "बाई, नियम माझा आहे, पण काठ तुम्ही ओढलेत. नऊ वेळा. प्रत्येक चित्राखाली तुमची आद्याक्षरं आहेत."

ते दटावून म्हणाले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते अगदी सावकाश, समजावल्यासारखे बोलत होते, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

"एकदम निम्म्याहून खाली दाखवलं, तर सातही गावं आपल्या दारात येऊन बसतील. चौकशी लागेल. त्यात तुम्हीही जाल आणि मीही जाईन. आपण हळूहळू उतरवू. पुढच्या सहा चित्रांत थोडा थोडा काठ आत घ्या. लोकांना सवय होईल, पाणीही वाचेल."

तिने मनात हिशोब केला होता. सहावं चित्र यायला पस्तीस दिवस. आज हातात त्रेचाळीस. मधल्या थोड्याफार कपातीने वाचेल ते धरलं तरी शेवटी फार तर दहा-बारा दिवसांचं पाणी उरणार. "साहेब, तोवर पुरणार नाही ते."

"पुरवू. टँकर आहेत, वळवाचा पाऊस आहे, काहीतरी होतंच." साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. "मिस्टरांची तब्येत कशी आहे?"

"बरी आहे."

"कार्ड महिनाअखेरीला नवं करायचंय ना? कागद माझ्याच टेबलावर आहे. काळजी करू नका."

झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ उघडायची किंमतही साहेबांनी चहा विचारावा तितक्या साधेपणाने सांगून टाकली होती. ती "बरं साहेब" म्हणून बाहेर आली.

पुढचे दोन दिवस तिने स्वतःची समजूत घातली. कदाचित ती वाट नसेल. कदाचित चित्रातच खोट असेल. कदाचित गवताखाली हातभर तरी पाणी असेल. भीती माणसाला फार छान छान कारणं शोधून देते. शेवटी रविवारी तिने ठरवलं, की डोळ्यांनी बघून यायचं. अकरा वर्षं तिने त्या धरणाचा काठ ओढला होता, पण धरण पाहिलं नव्हतं. कधी कोणी नेलंच नाही, आणि तिलाही कधी गरज वाटली नव्हती.

"अकरा वर्षं घरबसल्या त्याच्या कडा शिवल्यास, आज त्याला बघायला निघालीस होय?" नवरा हसला. "माझा नमस्कार सांग."

धाकट्या नणंदेकडे स्कूटर होती. जीभ तिखट, पण वहिनीने हाक मारली की कारण न विचारता निघणारी. दोघी दीड तास गेल्या, शेवटी खडकाळ उतारावर स्कूटर लावून चालू लागल्या. काठवालीने हातात फोन धरला होता. त्यात तिचाच नकाशा होता, आणि त्यात त्या दोघींचा ठिपका सरकत होता.

ठिपका निळ्यात शिरला. पायाखाली कमरेएवढं गवत होतं, मधून चाकांची वाट, आणि दोन्ही बाजूंना भेगा पडलेला गाळ. गवत वाऱ्याने सळसळत होतं, बाकी आवाज नव्हता.

"वहिनी, बुडायला लागले तर हात दे हं," नणंद म्हणाली. मग तिने वहिनीचा चेहरा पाहिला आणि तिच्या बाजूने चालू लागली.

त्या वाटेने काठवाली पुढे पुढे चालत राहिली. तिच्या तक्त्याप्रमाणे या घटकेला तिच्या डोक्यावर दोन पुरुष पाणी होतं. सात गावांची माणसं ते पाणी आहे असं धरून आज अंघोळी करत होती, बागांना पाइप लावत होती. तिला खरोखर श्वास घेता येईना. नाकातोंडात पाणी जावं तसा तिचा जीव घुसमटला, आणि आजूबाजूला तर पाण्याचा थेंब नव्हता.

पुढे एक बाई विळ्याने गवत कापून भारा बांधत होती. नणंदेने विचारलं, "मावशी, पाणी कुठे आहे इथलं?"

"पाणी होय?" बाईने विळ्यानेच दाखवलं. "ती दोन झाडं दिसतात ना, त्यांच्याही पलीकडं. अजून अर्धा तास चाला. गेल्या साली याच दिवसांत इथं गळ्याएवढं होतं. औंदा गवत चांगलं झालंय."

काठवालीने मान हलवली. परतीच्या वाटेवर तिने नणंदेला सगळं सांगितलं. नियम, नऊ चित्रं, साहेब, कार्ड. नणंद स्कूटर चालवत ऐकत होती. घराशी आल्यावर म्हणाली, "दादाला विचार. त्याच्या जिवाशी खेळ आहे, त्याला न विचारता काही करू नकोस."

सल्ला योग्य होता. पण तीन रात्री शेजारी झोपून तिला त्याला विचारता आलं नाही. विचारलं तर तो काहीतरी म्हणणार, आणि 'गप्प बस, कार्ड जाईल' असं म्हणाला तर? जो माणूस गेली सात वर्षं थट्टा करत यंत्राला जोडून पडतो, त्याच्या तोंडून ते ऐकायची तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. आणि तो उलट म्हणाला असता, तरी त्याचीही तितकीच.

बुधवारी सकाळी त्याला केंद्रावर सोडून ती कचेरीत गेली. नवं चित्र आलेलं होतं. वाट आता ठळक दिसत होती, तिला दुसरी वाट येऊन मिळाली होती. दुपारी साहेब डोकावले. "पहिला टप्पा ना आज? थोडाच आत घ्या. सातआठ दिवसांचाच फरक दिसू दे."

"हो साहेब."

ते गेले. तिने काठ ओढायला घेतला. तिचा हात कधी नव्हे तो अडखळत होता, मधे दोनदा रेघ पुसावी लागली. काठ दोन झाडांच्या पलीकडून गेला. गवत सगळं बाहेर राहिलं. आकडा आला अडतीस. तक्त्यात शेऱ्याचा एक रकाना असतो, तिने तो अकरा वर्षं रिकामा सोडला होता. त्यात तिने लिहिलं, 'मागच्या नऊ चित्रांत गवत पाणी म्हणून रेखलं गेलं. जागेवर जाऊन पाहिलं आहे. रेघ माझी आहे.' नियमाबद्दल काही लिहिलं नाही. तिला साहेबांना बुडवायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेवढं धैर्यही उरलं नव्हतं. चार वाजायला दोन मिनिटं असताना तिने बटण दाबलं आणि दोन्ही हातांनी खुर्चीची कड घट्ट धरली.

सव्वाचारला पहिला फोन वाजला, मग सगळेच वाजू लागले. साडेचारला साहेब आले. ते ओरडले नाहीत. टेबलाशी उभे राहून त्यांनी शेरा वाचला, पुन्हा वाचला. "नियमाचं लिहिलं नाहीत," ते म्हणाले.

"नाही."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "महिनाअखेरीचं मला आता काही सांगता येणार नाही, बाई. माझंच मला माहीत नाही." आणि पहिल्यांदाच तिला साहेब म्हातारे दिसले.

शनिवारी सातही गावांत पाणी निम्म्यावर आलं. त्याच संध्याकाळी केंद्रातून फोन आला. तो नवऱ्याने घेतला. 'हो', 'बरं', 'कळलं' एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

"पाणी कमी केलंय म्हणे. तीनाऐवजी दोनदा. सोमवारी येऊ नका म्हणाले, आता मंगळवार आणि शुक्रवार." मग त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुमच्या कचेरीतूनच आलंय ना हे? कोणी कळवलं?"

"मी."

तिने त्याला सगळं सांगितलं, कार्डाचंही. सांगताना ती त्याच्याकडे न बघता टेबलावरच्या त्याच्या गोळ्यांच्या डबीकडे बघत होती. बाहेर शेजाऱ्यांच्या बादल्या वाजत होत्या आणि कोणीतरी पाणी खात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतं.

"न सांगता राहिली असतीस तर?" त्याने विचारलं.

"सव्वा महिन्याने एकदाही नाही."

ती त्याच्या थट्टेची वाट पाहत होती, काहीतरी तो म्हणेलच अशी. तो म्हणाला, "मला भीती वाटते गं." सात वर्षांत हे वाक्य त्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. तिने त्याचा हात धरला. तिला त्याला सांगायचं होतं, की घाबरू नकोस, पण तिच्या तोंडून "मलाही" एवढंच निघालं.

सोमवारी सकाळी तो सवयीने सहाला उठला, सुईसाठी शर्टाची डावी बाही वर दुमडली, आणि मग आठवण होऊन खुर्चीत बसला. कामावर निघण्याआधी काठवाली त्याच्या पायाशी खाली बसली. यंत्र चुकलं की अंगात पाणी साठतं, आणि ते आधी पायांत उतरतं. तिने त्याच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि काढला. कातडीत खड्डा राहिला. तो भरून येईपर्यंत ती आकडे मोजत बसली, आणि वरून तो विचारत होता, "किती झाले?"